तळटीप : 'प्लास्टर्ड'

मूळ संहितेत येथे 'प्लास्टर्ड' आहे. गिलाव्याशी संबंध नाही. माणूस दारू पिऊन तर्र झाला आहे, एवढाच अर्थ. बेंजामिन फ्रँकलिनने १७३७ साली 'पेनसिल्व्हेनिया गॅझेट'मध्ये असे दोनशेहून अधिक शब्द नि वाक्प्रचार छापले. दारूबाजीला कुठल्याही सद्गुणाचे नाव उसने घेता येत नाही, म्हणून तिच्याविषयी आडवळणाने बोलावे लागते, असे कारण त्याने दिले. ते मला अपुरे वाटते. निव्वळ लाज असती तर 'हॅमर्ड', 'स्मॅश्ड' असे दणदणीत शब्द रुळले नसते. खरी किल्ली वाक्यरचनेत आहे: 'ही वॉज टोटली' म्हणून पुढे जवळपास कोणत्याही नामाला 'एड' जोडा, पबमधल्या श्रोत्याला उमजते. विनोदवीर मायकेल मॅकिन्टायरचा 'गझीबोड' असाच, बागेतल्या मंडपावरून घडलेला. फ्रँकलिनच्या यादीत 'बार्बाडोसला जाऊन आला' अशीही रूपे आहेत, हा आक्षेप रास्तच; पण तिथेही बार्बाडोस म्हणजे रम हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते, अर्थ प्रसंगच पुरवतो. मात्र सगळ्यांची मात्रा सारखी नाही. 'टिप्सी'ला नुसती किक बसलेली असते, 'लेगलेस'ला उभे राहवत नाही. म्हणून या अनुवादात 'टिप्सी'ला 'जरा चढलेली' आणि 'प्लास्टर्ड'ला 'तर्र' असे वेगळे शब्द योजले आहेत.