यंत्र जोडणाऱ्यांचे संगीत

संगीताचा इतिहास सांगताना आपण गायकांची घराणी सांगतो, वाद्यांची उत्क्रांती सांगतो, राजाश्रय आणि लोकाश्रय यांचा हिशेब मांडतो. ऐकणाऱ्यांचा इतिहास मात्र सहसा कोणी सांगत नाही. त्या ऐकणाऱ्यांतही एक वर्ग असा आहे, की ज्याला गवयांनी कधी आपला म्हटले नाही आणि शास्त्रज्ञांनीही म्हटले नाही. घरच्या घरी, फावल्या वेळात, स्वतःच्या हातांनी ध्वनिवर्धक जोडणाऱ्या हौशी मंडळींचा हा वर्ग होय. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पंधरा वर्षांत इंग्लंड-अमेरिकेत तो नावारूपाला आला. त्यांनी यंत्रे कशी जोडली याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या यंत्रांवर त्यांनी ऐकले काय, आणि त्या ऐकण्याने त्यांची अभिरुची घडली की बिघडली, हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो.

या कथेचा आरंभ १९४७ सालच्या एप्रिल-मे महिन्यांत करावा लागेल. लंडनच्या 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात त्या वेळी डी. टी. एन. विल्यमसन या तरुण अभियंत्याची एक लेखजोडी प्रसिद्ध झाली. के.टी. ६६ जातीचे दोन व्हाल्व्ह वापरून पंधरा वॅट शक्तीचा ध्वनिवर्धक कसा बांधावा, हे तीत तपशीलवार सांगितले होते. त्यातील युक्ती अशी, की बाहेर पडणाऱ्या संदेशाचा काही अंश उलटा करून पुन्हा आत सोडायचा, मूळ संदेशाशी त्याची गाठ घालायची आणि यंत्राने केलेली चूक यंत्राकडूनच कापून काढायची. एवढ्याने ध्वनीची विकृती शेकडा एक दशांशाच्याही खाली आली. युद्धात बिनतारी यंत्रांचे शिक्षण घेतलेले असंख्य तरुण नुकतेच घरी परतले होते; लष्कराने विकायला काढलेले सुटे भाग स्वस्तात मिळत होते; आणि बाजारातील चांगली तयार यंत्रे सामान्यांच्या आवाक्याबाहेर होती. मग काय विचारता! विल्यमसनचा आराखडा समोर ठेवून घरोघरी डाख लावण्याचे काम सुरू झाले. पुढे अमेरिकेत हीथ कंपनीने त्याच धर्तीचे सुट्या भागांचे संच विकायला आणले आणि ही हौस दोन्ही खंडांत पसरली.

यंत्र तयार झाले, की ते कशावर तरी पारखावे लागते. येथेच अभिरुचीचा प्रश्न उभा राहतो. डेक्का कंपनीने युद्धकाळात एक वेगळेच काम अंगावर घेतले होते. पाण्याखालची पाणबुडी शत्रूची की आपली, हे केवळ आवाजावरून ओळखण्याचे शिक्षण सैनिकांना देण्यासाठी तिला अत्यंत सूक्ष्म ध्वनिमुद्रण करावे लागले. त्यातून सेकंदाला चौदा हजार कंपनांपर्यंतचे सूर तबकडीवर उतरवण्याची कला तिला साधली. युद्ध संपताच हीच कला संगीताच्या सेवेला लागली. १९४६ साली अर्नेस्ट आन्सेर्मे यांच्या संचालनाखाली मुद्रित झालेले स्ट्राव्हिन्स्कीचे 'पेत्रुश्का' हे तिचे गाजलेले फळ. झांजांची झळाळी, त्रिकोणी घंटेची किणकिण, पियानोचे तुटक आघात असे सारे तीत स्वच्छ ऐकू येई. नवा ध्वनिवर्धक बांधणाऱ्याला आणखी काय हवे होते? १९४८ च्या जून महिन्यात कोलंबिया कंपनीने न्यूयॉर्कमध्ये दीर्घवादन तबकडी प्रसिद्ध केली. एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत मावू लागले आणि चार-चार मिनिटांनी तबकडी उलटण्याची यातायात संपली.

या मंडळींच्या आवडीचा पहिला नियम आता श्रोत्यांच्या ध्यानी आला असेल. यंत्राचे गुणदोष ज्या संगीताने उघडे पडतात, ते संगीत त्यांना प्रिय. चार तंतुवाद्यांचे चतुष्क रसिकाला कितीही भावले, तरी यंत्राची त्यात पुरती परीक्षा होत नाही. चर्चमधील ऑर्गनची बत्तीस फुटी नळी सेकंदाला सुमारे सोळाच कंपने देते. ती ऐकवायची तर स्पीकरची पेटी भक्कम हवी आणि ट्रान्सफॉर्मरही तोलामोलाचा हवा. म्हणून ऑर्गन, भरगच्च वाद्यवृंद आणि तालवाद्ये यांना या घरांत मानाचे पान मिळाले.

ही ओढ कोठवर गेली पाहा. अमेरिकेतील एमरी कुक या अभियंत्याने १९५१ च्या न्यूयॉर्कमधील ध्वनिप्रदर्शनात आगगाडीची तबकडी वाजवली. वाफेच्या इंजिनांचा धडधडाट आणि शिट्ट्या यांपलीकडे तीत काहीही नव्हते. तरी ती ऐकायला लोकांची रीघ लागली. पुढे मर्क्युरी कंपनीने चायकोव्हस्कीच्या '१८१२' या रचनेसाठी वेस्ट पॉइंट येथील खरी तोफ डागून तिचा आवाज मुद्रित केला, आणि ही करामत कशी साधली याचे निवेदनही त्याच तबकडीवर दिले. संगीताच्या जोडीने त्याच्या मुद्रणाची कथा ऐकण्यातही ज्याला रस आहे, असा श्रोता इतिहासात प्रथमच जन्माला आला होता.

साहजिकच उपहासालाही धार आली. फ्लँडर्स आणि स्वान या इंग्रज जोडीने या छांदिष्टांवर एक गाणेच रचले. त्यातील आरोप थोडक्यात असा, की या लोकांना आवाज हवा आहे, संगीत नको. 'हाय फिडेलिटी' या शब्दांतच निष्ठेची भाषा आहे. पण ही निष्ठा नेमकी कोणाशी, असा तो सवाल होता.

हा आरोप निराधार म्हणता येणार नाही. १९५८ साली दोन मार्गांच्या, म्हणजे स्टिरिओ, तबकड्या बाजारात आल्या आणि पाठोपाठ १९५९ मध्ये एनॉक लाइट यांची 'पर्स्वेसिव्ह पर्कशन' ही तबकडी निघाली. बोंगो डावीकडून, तर उत्तर उजवीकडून, असा चेंडूफळीचा खेळ तीत होता. १९६० साली ती अमेरिकेत विक्रीच्या शिखरावर पोहोचली. तेथे यंत्र धनी झाले आणि संगीत चाकर झाले, हे मान्य केले पाहिजे.

परंतु चित्राची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. व्हार्फडेल स्पीकरचे निर्माते गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी १९५४ च्या नोव्हेंबरात लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये एक धाडस केले. रंगमंचावर कलावंत प्रत्यक्ष वाजवीत आणि लगेच त्यांचेच मुद्रण ऐकवले जाई. दोहोंतील फरक श्रोत्यांनी आपल्या कानांनी जोखावा, अशी योजना होती. यंत्राचा अंतिम निवाडा खऱ्या वाद्याजवळ बसूनच होतो, हे सत्य या हौशी जगाने स्वतःहून स्वीकारल्याची ही साक्ष आहे. ज्याला ही कसोटी पटली, त्याला मैफलीकडे वळण्यावाचून गत्यंतर नव्हते.

शिवाय परीक्षेच्या निमित्ताने आत आलेले संगीत पुष्कळदा घरातच मुक्काम ठोकते. एडगार व्हारेझ यांची 'आयोनिझेशन' ही रचना तेरा वादकांसाठी असून तिचा सारा भर तालवाद्यांवर आहे. तिची तबकडी १९५०च्या सुमारास निघाली. कॅलिफोर्नियातील एका दुकानात ती यंत्रांचे प्रात्यक्षिक दाखवण्यासाठी वाजवली जात असे. तेथून ती विकत घेणारा एक शाळकरी मुलगा पुढे फ्रँक झप्पा या नावाने प्रसिद्ध संगीतकार झाला आणि व्हारेझचे ऋण त्याने आयुष्यभर मानले. दुकानदाराला स्पीकर खपवायचे होते. मुलाला गुरू मिळाला. आगगाडीचा आवाज विकणाऱ्या त्याच कुकने त्रिनिदादच्या पोलादी पिंपांचे वाद्यवृंदही कष्टाने मुद्रित केले, आणि त्याचा संग्रह आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेत जतन झाला आहे.

याच लाटेवर आपले संगीतही त्या घरांत पोहोचले. १९५५ साली उस्ताद अली अकबर खाँ यांच्या सरोदवादनाची दीर्घवादन तबकडी एंजल कंपनीने काढली. तबल्यावर चतुरलाल होते आणि प्रास्ताविक यहुदी मेन्युहिन यांचे होते. एका बाजूला एक राग, तोही सलग. तीन-साडेतीन मिनिटांच्या जुन्या तबकडीत आलापाला पाय पसरायला जागाच नव्हती. ती या नव्या साधनाने दिली. आणि तंबोऱ्याच्या जवारीतून उमलणारे स्वरांवरचे सूक्ष्म स्वर चोख यंत्रावाचून कसे कळावे? ध्वनिवर्धकाची परीक्षा घ्यायला तंबोऱ्याहून कठोर परीक्षक शोधूनही सापडणार नाही.

तथापि आपल्याच संगीताने या हौसेला तिची मर्यादाही दाखवली आहे. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्या आजच्या उत्तमोत्तम यंत्रावर लावल्या, तर खरखरही पूर्वीपेक्षा अधिक स्वच्छ ऐकू येते. त्या खरखरीच्या पडद्यामागून येणारा स्वर मात्र आजही काळजाला भिडतो. त्या स्वराची श्रीमंती मोजायला मीटर नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग धुंडाळत हिंडणाऱ्या आपल्या हौशी बांधवांना हे कोणी वेगळे सांगायला नको. तारांची गुंतागुंत सोडवता सोडवता रात्र उलटते, ती कोणातरी गवयाच्या ओढीनेच.

तेव्हा निवाडा काय करावा? यंत्र जोडणाऱ्याची अभिरुची यंत्राच्या दाराने आत येते, हे खरे. पण दार कोणते, यापेक्षा आत आलेला माणूस बसतो किती वेळ, हे महत्त्वाचे. जो तोफ ऐकून तबकडी उतरवतो, तो दारातूनच परतला. जो तोफेसाठी आला आणि वाद्यवृंदासाठी थांबला, तो रसिकांच्या पंक्तीत बसला. आज आपल्यापैकी बहुतेकांच्या कानांत इवलीशी तयार यंत्रे असतात आणि ती जोडण्याचे कष्ट कोणालाच पडत नाहीत. त्या हौशी मंडळींनी एकेका स्वरासाठी रात्री जाळल्या. आपल्याला तोच स्वर आयता मिळतो. तो शेवटपर्यंत ऐकण्याइतकी सवड आपण त्याला देतो का, एवढाच हिशेब आपल्याकडे उरला आहे.