बाहेर पडायचं बटण

स्टेकिंगचा डॅशबोर्ड उघडला की डोळा आधी टक्क्यांवर जातो. हिरव्या अक्षरांत वार्षिक परतावा, खाली गुंतवलेली रक्कम, शेजारी आजवरची कमाई, आणि वर चढत जाणारी एक रेघ. मी मात्र हल्ली आधी दुसरीच ओळ शोधतो: बाहेर पडायला किती दिवस लागतील? ही ओळ बहुतेक ठिकाणी बारीक अक्षरांत असते, कधी दोन-तीन क्लिक आत दडलेली. तिचा इतिहास टक्क्यांच्या इतिहासापेक्षा कितीतरी रंजक आहे. इथेरियमच्या बाबतीत तर जवळजवळ अडीच वर्षं बाहेर पडायची सोयच नव्हती, आणि तरी लोक आत शिरत होते.

आधी एक गैरसमज दूर करू. स्टेकिंगचा परतावा म्हणजे बँकेतल्या मुदत ठेवीचं व्याज नव्हे. इथं तुम्ही आपलं चलन तारण ठेवता आणि जाळ्याच्या हिशेबवहीवर पहारा देता. पहारा नीट दिला तर मोबदला, झोपलात तर थोडी कपात, लबाडी केलीत तर तारणालाच कात्री. त्यामुळे डॅशबोर्ड हे खरं तर पासबुक नाही, ते पहारेकऱ्याचं हजेरीपत्रक आहे.

ही कल्पना चलनात पहिल्यांदा उतरली ती २०१२ साली, पीअरकॉइनमध्ये. तेव्हा डॅशबोर्ड वगैरे काही नव्हतं. संगणकावरचं वॉलेट उघडं ठेवायचं आणि वाट पाहायची. नाणी किमान तीस दिवस जागची हलली नसतील तरच त्यांचा नंबर लागायचा. २०१९ मध्ये कॉसमॉस आलं. त्यात स्वतः मशीन न चालवता दुसऱ्या पहारेकऱ्यामागे आपलं चलन उभं करता येई, म्हणून पडद्यावर पहारेकऱ्यांच्या याद्या आल्या, त्यांचं कमिशन आलं. आणि अट अशी की बाहेर पडायचं ठरवलंत तर एकवीस दिवस थांबा. थांबावं लागे, पण दार होतं.

इथेरियमचं तसं नव्हतं. ४ नोव्हेंबर २०२० रोजी ठेवी स्वीकारणाऱ्या कॉन्ट्रॅक्टचा पत्ता जाहीर झाला. एका व्हॅलिडेटरला, म्हणजे आपल्या पहारेकऱ्याला, ३२ इथर लागणार होते. निदान १६,३८४ व्हॅलिडेटर, म्हणजे ५,२४,२८८ इथर जमले तरच साखळी सुरू होणार होती. शेवटच्या दिवसांत गर्दी उसळली आणि १ डिसेंबरला, आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच वाजले असताना, २१,०६३ व्हॅलिडेटरांसह बीकन चेन सुरू झाली.

ठेव भरण्यासाठी ‘लाँचपॅड’ नावाचं संकेतस्थळ होतं. पैशांच्या जगात इतकं प्रामाणिक पान मी क्वचितच पाहिलंय. ग्राहकाला आत ओढण्याऐवजी ते पावलोपावली अडवायचं. चूक केलीत तर दंड होईल, हे वाचा. चोवीस शब्दांची गुप्त यादी हरवलीत तर पैसे गेले, हे वाचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं: ही वाट एकेरी आहे, गेलेले इथर परत कधी काढता येतील ते आज सांगता येत नाही. मान्य असेल तर पुढं जा.

पुढं गेलेल्यांना पाहायला मिळे तो बीकनचा डॉट इन या ठिकाणचा फलक. (शेवटचं ‘इन’ हे भारताचं डोमेन आहे, पण साइट ऑस्ट्रियातली, ‘बीकन चेन’ हे नाव जुळवायला आपला ‘इन’ उसना घेतलाय.) आधी ‘पेंडिंग’, मग ‘अ‍ॅक्टिव्ह’. दर ६.४ मिनिटांनी व्हॅलिडेटरला एकदा हजेरी लावावी लागते. शिल्लक दशांशचिन्हानंतरच्या कितव्या तरी घरात हलते. घरची वीज दोन तास गेली तर साधारण तेवढ्याच वेळाची कमाई वजा होते, आकाश कोसळत नाही. मोठी शिक्षा, म्हणजे स्लॅशिंग, वेगळीच. एक मशीन बंद पडलं तर दुसरं असावं म्हणून तीच किल्ली दोन मशीनवर लावली, की एकच पहारेकरी दोनदा सही करून बसतो. जाळ्याच्या लेखी ती लबाडीच. स्लॅश झालेल्यांत असे अतिकाळजीवाले बरेच निघाले.

एकेरी वाटेवर बाजारानं लगेच पायवाट पाडली. डिसेंबर २०२० मध्येच लीडो सुरू झालं. तुम्ही इथर द्या, आम्ही तारण ठेवतो, आणि पावती म्हणून तुम्हाला ‘एसटी-इथ’ हे टोकन मिळेल. दार नसलं तरी पावती विकता येई. जून २०२२ मध्ये या पायवाटेचा कस लागला. घबराटीत पावतीचा भाव मूळ इथरच्या पाचेक टक्के खाली गेला. अशा पावत्यांचा मोठा साठा बाळगणाऱ्या सेल्सियस या कंपनीनं १२ जूनला ग्राहकांचे पैसे काढणंच थांबवलं, आणि पुढच्या महिन्यात दिवाळखोरीचा अर्ज केला. या सगळ्या गदारोळात पावतीधारकांच्या वॉलेटमधला एसटी-इथचा आकडा मात्र नेमानं रोज थोडा वाढत होता. तो आकडा खोटं बोलत नव्हता. फक्त त्याला जो प्रश्न कुणी विचारला नव्हता, त्याचं उत्तर तो देत नव्हता.

१५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमनं वीजखाऊ मायनिंग सोडलं. आता पैसे सुटतील असं अनेकांना वाटलं, पण तेव्हाही दार बंदच राहिलं. ते उघडलं १३ एप्रिल २०२३ ला, आपल्या वेळेनुसार पहाटे चारच्या सुमाराला. त्या बदलाचं नाव शापेला: शांघाय आणि कॅपेला यांचा जोड. कॅपेला म्हणजे आपला ब्रह्महृदय तारा. सगळे एकदम पळतील, भाव कोसळेल, अशी भाकितं होती. झालं उलटंच. भाव दोन दिवसांत २,००० डॉलरच्या वर गेला, आणि जूनपर्यंत आत येणाऱ्यांचीच रांग महिन्याहून लांब झाली. माझ्या मते याचं कारण साधं आहे: बाहेर पडता येतं हे कळल्यावर माणूस आत जायला बिचकत नाही.

अर्थात बाहेर पडायलाही रांग आहेच. दर ६.४ मिनिटांत ठराविक प्रमाणातच तारण सुटतं, नाहीतर गुन्हा करून एका रात्रीत पसार होता आलं असतं. सप्टेंबर २०२५ मध्ये ही रांग चाळीस दिवसांच्या पुढं गेली होती. टक्केही आता सुरुवातीचे राहिलेले नाहीत. पहारेकरी जितके जास्त, तितका प्रत्येकाचा वाटा कमी. साखळी सुरू झाली तेव्हा वीस टक्क्यांच्या आसपास असलेला दर तीनच्या घरात आलाय. आणि तोही इथरमध्ये, रुपयांत नव्हे.

म्हणून डॅशबोर्डवर मी आणखी एक ओळ पाहतो: पैसे काढायचा पत्ता. २०२० मध्ये ठेव भरणाऱ्या अनेकांनी तो दिलाच नव्हता, कारण तेव्हा त्याचं काही कामच नव्हतं. तो नंतर जोडायचा तर त्या चोवीस शब्दांतून निघणारी किल्ली लागते, आणि एकदा जोडला की बदलता येत नाही. ज्यांनी ते शब्द हरवले, त्यांचं मशीन चालू असेल तर फलकावर त्यांचा व्हॅलिडेटर ‘अ‍ॅक्टिव्ह’ दिसतो, हजेरी लागते, आणि शिल्लक ३२ च्या वर चढत राहते.