पर्यावरणीय डीएनएद्वारे दुर्मिळ माशांचा शोध

मासा प्रत्यक्ष न पकडता व न पाहता, केवळ पाण्याच्या नमुन्यात आढळणाऱ्या डीएनएच्या अंशांवरून त्याचे अस्तित्व ओळखण्याच्या पद्धतीस पर्यावरणीय डीएनए (ई-डीएनए) पद्धत असे म्हणतात. माशाच्या त्वचेच्या पेशी, अंगावरील बुळबुळीत स्राव, विष्ठा तसेच वीणकाळात सोडली जाणारी अंडी व शुक्रद्रव्य यांतून हे अंश सतत पाण्यात मिसळत असतात. थंड, वेगवान व दुर्गम डोंगरी ओढ्यांत मोजक्या संख्येने राहणाऱ्या माशांसाठी ही पद्धत विशेष उपयुक्त ठरली आहे.

पार्श्वभूमी

पाण्यातील डीएनएवरून प्राणी ओळखण्याचा आरंभीचा महत्त्वाचा प्रयोग २००८ मध्ये फ्रान्समधील तळ्यांत, अमेरिकन बुलफ्रॉग या उपऱ्या बेडकावर झाला. २०११ मध्ये शिकागोजवळील जलमार्गांत आशियाई कार्प माशांचा माग याच पद्धतीने काढल्याचे संशोधन प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी वाहत्या डोंगरी प्रवाहांतील बेडूक व सॅलॅमँडर यांवरही ती यशस्वी झाली. तळ्यातील पाणी स्थिर असते. ओढ्यात मात्र डीएनए वाहून जातो व विरळ होतो. त्यामुळे हा टप्पा महत्त्वाचा होता.

बुल ट्राउट

या पद्धतीचा मोठ्या प्रमाणावरील वापर बुल ट्राउट (साल्व्हेलिनस कॉन्फ्लुएंटस) या माशासाठी झाला. सामन कुळातील हा मासा उत्तर अमेरिकेच्या वायव्य भागातील अतिशय थंड प्रवाहांत राहतो. १९७८ पर्यंत तो डॉली व्हार्डन या जातीचाच भाग मानला जाई. १९९९ पासून अमेरिकेच्या सलग ४८ राज्यांतील त्याच्या सर्व समूहांना केंद्रीय कायद्याचे संरक्षण आहे. तापणारे पाणी आणि पूर्वेकडून आणून सोडलेला ब्रूक ट्राउट ही त्याच्यापुढील प्रमुख संकटे होत. ब्रूक ट्राउटशी त्याचा संकरही होतो.

कोणत्या ओढ्यात हा मासा अद्याप टिकून आहे, हे ठाऊक असल्याशिवाय संरक्षण कोठे द्यावे हे ठरत नाही. पूर्वी त्यासाठी पाण्यात विद्युतप्रवाह सोडून मासे क्षणभर बधिर करीत व मोजीत. या कामास माणसे, अवजड साधने व परवाने लागतात. शिवाय विजेच्या धक्क्याने माशाच्या कण्यास इजा होऊ शकते. आधीच थोड्या उरलेल्या जातीसाठी ही किंमत लहान नव्हे.

कार्यपद्धती

अमेरिकेच्या वनसेवेने रूढ केलेल्या पद्धतीत प्रत्येक ठिकाणी ५ लिटर पाणी पंपाने काचतंतूंच्या गाळणीतून ओढले जाते. गाळणीची छिद्रे सुमारे १.५ मायक्रोमीटरची असतात. गाळणी सिलिका जेलसह पिशवीत कोरडी ठेवून प्रयोगशाळेत पाठवितात. मोंटाना राज्यातील मिसूला येथे वनसेवेची अशी प्रयोगशाळा आहे. पाण्याच्या तापमानाच्या प्रारूपांवरून जे पट्टे पुरेसे थंड ठरतात, तेथेच नमुने घेतल्याने श्रम वाचतात.

प्रयोगशाळेत पॉलिमरेज साखळी अभिक्रियेने (पीसीआर) तंतुकणिकेतील डीएनएचा ठरावीक तुकडा वाढविला जातो. एका पेशीत या डीएनएच्या अनेक प्रती असल्याने तो सापडण्याची शक्यता अधिक असते. खरी कसोटी प्रायमरच्या निवडीत आहे. बुल ट्राउट व ब्रूक ट्राउट हे एकाच प्रजातीतील निकटचे मासे असल्याने, सैल निवडलेला प्रायमर उपऱ्या माशाचा डीएनए वाढवून दुर्मिळ मासा असल्याचा खोटा निर्वाळा देऊ शकतो. २०१३ मधील एका अभ्यासात, अशी गल्लत टाळण्यासाठी प्रोबपेक्षा प्रायमरमधील फरक अधिक निर्णायक असल्याचे दिसून आले.

निष्कर्षांचा अर्थ

होकारार्थी निष्कर्षाचा अर्थ इतकाच, की त्या जातीचा डीएनए तेथे होता. मासे किती, कोणत्या वयाचे, जिवंत की मृत, हे त्यावरून समजत नाही. मासा खाल्लेल्या पक्ष्याची विष्ठा किंवा दुसऱ्या ओढ्यातून आलेले ओले बूटही डीएनए आणू शकतात. म्हणून निर्जंतुक साधने व कोरे नियंत्रण-नमुने आवश्यक मानले जातात.

नकारार्थी निष्कर्ष वाचणे अधिक अवघड असते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, मासे नसलेल्या दोन ओढ्यांत पिंजऱ्यात ब्रूक ट्राउट ठेवून खालच्या अंगास सुमारे २४० मीटरपर्यंत नमुने घेण्यात आले. प्रवाह कमी असता डीएनए पिंजऱ्याजवळ दाट व पुढे झपाट्याने कमी होत गेला. प्रवाह मोठा असता तो सर्वत्र विरळ पण बराचसा सारखा आढळला. कुजलेल्या पानांतील टॅनिनसारखी द्रव्ये पीसीआर अभिक्रियाच रोखतात. तेव्हा मासा असूनही नमुना रिकामा दिसतो. सूर्यप्रकाश, उष्णता व सूक्ष्मजीव यांमुळे डीएनएचे विघटन होते, ते वेगळेच. यास्तव एका रिकाम्या नमुन्यावरून ओढा मत्स्यहीन ठरविला जात नाही. त्याच प्रवाहात ठरावीक अंतरांवर अनेक नमुने घेतले जातात, आणि जेथे डीएनए सापडतो तेथे मासे मोजण्यासाठी माणसांना पाण्यात उतरावे लागते.