निळ्या जॅकचा इतिहास : हॅकिन्टॉश, आवाज आणि आपल्या कॅसेटी

आजचं व्याख्यान इतिहासाचं आहे, पण त्यात राजे नाहीत आणि लढायाही नाहीत. कुठल्याही असेंबल केलेल्या कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूला बघा. तिथे हिरवा, गुलाबी आणि निळा असे तीन गोल जॅक असतात. हिरव्यात आपण स्पीकर लावतो, गुलाबीत माइक. निळ्याकडे सहसा कुणी बघत नाही. आज आपण त्याच निळ्या जॅकबद्दल बोलणार आहोत.

आम्हाला तो लागला कॅसेटींमुळे. बीड जिल्ह्यात घरोघरी जुन्या कॅसेटी आहेत. कुणाकडे सप्त्यातलं कीर्तन, कुणाकडे भारूड, कुणाकडे आजीनं म्हटलेल्या ओव्या. फीत जुनी होते, बुरशी धरते, टेपमध्ये गुंडाळली की संपलीच. म्हणून आम्ही चारपाच जणांनी ठरवलं, की हे सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचं. टेपरेकॉर्डरचा आवाज वायरीनं कॉम्प्युटरच्या ज्या जॅकमध्ये घालायचा, तो हा निळा जॅक. त्याला लाइन-इन म्हणतात. गुलाबी चालत नाही, कारण माइकचा आवाज बारीक असतो आणि तो जॅक आवाज कितीतरी पटीनं वाढवतो. टेपचा आवाज त्यात घातला की नुसता फाटतो.

आता आमचा कॉम्प्युटर हॅकिन्टॉश होता. म्हणजे सुटे भाग आणून जोडलेला साधा पीसी, पण त्यावर ॲपलची मॅक-ओएस चालवलेली. आवाजाचं काम शिकलेला आमच्यातला मित्र लॉजिकवर शिकला होता. २००२ साली ॲपलनं लॉजिक बनवणारी ईमॅजिक ही जर्मन कंपनी विकत घेतली आणि विंडोजवरचं लॉजिक बंद केलं. तेव्हापासून लॉजिक पाहिजे तर मॅक पाहिजे, आणि मॅकएवढे पैसे आमच्याकडे नव्हते. ॲपलच्या परवान्यात त्यांची सिस्टीम फक्त ॲपलच्याच यंत्रावर घालायची अट आहे. ती अट आम्ही मोडली, हे लपवण्यात अर्थ नाही. फ्लोरिडातली सायस्टार नावाची कंपनी २००८ मध्ये अशी यंत्रं उघड विकायला लागली, तेव्हा ॲपलनं तिला कोर्टात खेचलं आणि डिसेंबर २००९ मध्ये कोर्टानं विक्रीला कायमची मनाई केली. घरी हौसेनं करणाऱ्यांच्या मागे मात्र ॲपल असं लागलं नाही.

तर यंत्र सुरू झालं. चित्र आलं, इंटरनेट आलं, पण आवाज नाही. सेटिंगमध्ये गेलो तर आवाजाचं एकही साधन दिसेना. तोच मदरबोर्ड विंडोजवर व्यवस्थित गात होता! मग आवाज गेला कुठं? याचं उत्तर इतिहासात आहे.

सुरुवातीच्या पीसीला फक्त ‘बीप’ करता यायचं. १९८९ मध्ये क्रिएटिव्ह लॅब्जचं साउंड ब्लास्टर कार्ड आलं आणि आवाजासाठी वेगळं कार्ड घालायची पद्धत पडली. १९९७ मध्ये इंटेलनं एसी-९७ हे मानक आणलं. मग आवाजाची छोटी चिप मदरबोर्डावरच बसू लागली आणि कार्डाचा खर्च वाचला. या चिपला कोडेक म्हणतात. याच काळात पीसी-९९ या नियमावलीनं जॅकचे रंग ठरवले. हिरवा, गुलाबी, निळा हे तेव्हापासूनचे.

२००४ मध्ये इंटेलनं पुढचं मानक आणलं, एचडी ऑडिओ. आमच्या गोष्टीची गाठ इथं आहे. या कोडेकच्या पोटात पुष्कळ छोटे भाग असतात, त्यांना नोड म्हणतात. एक नोड आकड्यांचा आवाज करतो, दुसरा आवाजाचे आकडे करतो, तिसरा मिसळतो, आणि काही नोड थेट बाहेरच्या जॅकला जोडलेले असतात. पण कुठला नोड कुठल्या जॅकला जोडायचा, हे चिप बनवणारा ठरवत नाही, ते मदरबोर्ड बनवणारा ठरवतो. म्हणून तो प्रत्येक जॅकसाठी एक नोंद लिहून ठेवतो. नोंद म्हणजे आठ अक्षरांचा एक आकडा. उदाहरणार्थ ०१८१३०४एफ. यातलं पहिलं ०१ म्हणजे पेटीच्या मागच्या बाजूला. ८ म्हणजे लाइन-इन. त्यानंतरचा १ म्हणजे साडेतीन मिलिमीटरचा जॅक. ३ म्हणजे निळा रंग. बघा, जॅकचा रंगसुद्धा आत लिहिलेला असतो! विंडोज आणि लिनक्सचे ड्रायव्हर या नोंदी वाचतात आणि त्याप्रमाणे वाट काढतात.

६ जून २००५ रोजी स्टीव्ह जॉब्सनं जाहीर केलं की मॅक आता इंटेलच्या प्रोसेसरवर जाणार. जानेवारी २००६ मध्ये पहिला इंटेल आयमॅक आला. मॅक आणि पीसी आतून जवळजवळ एकाच जातीचे झाले आणि त्यातूनच हॅकिन्टॉश जन्माला आला. पण आवाजाच्या बाबतीत ॲपलचा ड्रायव्हर, म्हणजे ॲपलएचडीए, वेगळ्या रीतीनं चालायचा. त्याला मदरबोर्डावरच्या नोंदीवर विसंबायची गरजच नव्हती. ॲपल स्वतःच यंत्र बनवणार, स्वतःच वायरी जोडणार, त्यामुळे प्रत्येक मॉडेलचा नकाशा ड्रायव्हरसोबतच ठेवलेला. त्या नकाशाला लेआउट म्हणतात आणि प्रत्येकाला एक क्रमांक असतो. आमच्या मदरबोर्डावर रिअलटेकची एएलसी ८८७ चिप होती. तिचा नकाशा ॲपलकडे कसा असणार? चिप चांगली, जॅक चांगले, ड्रायव्हरही चांगला. नव्हता तो फक्त मधला कागद.

हा कागद जगभरच्या हौशी लोकांनी लिहिला. पहिला मार्ग व्हूडूएचडीएचा. हा फ्रीबीएसडी या मुक्त सिस्टीमच्या ड्रायव्हरवरून बनवलेला स्वतंत्र ड्रायव्हर. तो बोर्डावरच्या नोंदी वाचायचा, त्यामुळे जवळजवळ कुठंही चालायचा, पण पुष्कळ जणांना त्यात खरखर ऐकू यायची. दुसरा मार्ग ॲपलच्याच ड्रायव्हरची फाइल उघडून त्यात आपला नकाशा कोंबायचा. आवाज छान यायचा, पण सिस्टीमचं अपडेट आलं की फाइल बदलायची आणि पुन्हा शुकशुकाट. २०१५ मध्ये ॲपलनं सिस्टीमच्या फाइलींना कुलूप लावलं आणि हे काम आणखी अवघड झालं. २०१६ च्या सुमारास तिसरा मार्ग निघाला, ॲपलएएलसी. तो लिलू नावाच्या जोडीदाराबरोबर चालतो. डिस्कवरच्या फाइलला हात लावत नाही, ड्रायव्हर मेमरीत आला की तिथंच त्याला नकाशा देतो. यंत्र सुरू करणाऱ्या ओपनकोरमध्ये ‘एएलसीआयडी’ लिहून पुढे लेआउटचा क्रमांक टाकायचा, एवढंच काम.

पण क्रमांक कुठला? एकाच चिपचे कितीतरी लेआउट, कारण प्रत्येक बोर्डाची जोडणी वेगळी. आम्ही टेपरेकॉर्डर जोडून ठेवला, कॅसेट लावली आणि एकेक क्रमांक टाकत बसलो. १ टाकला, रीस्टार्ट, हिरवा बोलला, निळा मुका. २ टाकला, रीस्टार्ट, तेच. मध्येच लाइट गेली, तो दिवस वाया. ३, ५, ७ सगळे झाले. ११ टाकला आणि सेटिंगमध्ये ‘लाइन-इन’ हे शब्द दिसले. आधी फितीची खसखस आली, मग जात्याची घरघर, आणि त्यावर एका आजीचा आवाज. खोलीत कुणी काही बोललं नाही.

आणि मग लक्षात आलं, की ही आजी कोण, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नाही. कॅसेटीवर काहीच लिहिलेलं नव्हतं. ना गाव, ना साल, ना नाव.

हेच काम नीट केलेलं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतेवाँ यांनी महाराष्ट्रभर जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजारांहून अधिक गावं, एक लाखाहून अधिक ओव्या. १९९५ मध्ये बर्नार्ड बेल त्यांना येऊन मिळाले. हे संगीताचे अभ्यासक आणि संगणकाचे जाणकार. त्यांनी १९८० च्या दशकात तबल्याचे बोल समजून घेण्यासाठी ॲपल-टू या संगणकावर बोल प्रोसेसर नावाची प्रणाली लिहिली होती. १९९६ मध्ये माजलगावच्या भीमनगरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरच्या ओव्या रेकॉर्ड झाल्या. आज त्या ऐकता येतात, आणि कुणी म्हटल्या, कुठं म्हटल्या, कधी म्हटल्या, हेही कळतं. कारण आवाजासोबत नोंद ठेवली.

आता आमच्या यंत्राचं पुढं काय? जून २०२० मध्ये ॲपलनं इंटेल सोडून स्वतःच्या प्रोसेसरवर जायचं जाहीर केलं. सप्टेंबर २०२५ मध्ये मॅक-ओएसची टाहो ही आवृत्ती आली. इंटेल मॅकसाठी ती शेवटची. तिच्यातून ॲपलएचडीए हा ड्रायव्हरच काढून टाकला, कारण तिथवर पोहोचलेल्या इंटेल मॅकमध्ये आवाजाचं काम टी-२ ही ॲपलची चिप बघते. नाव टाहो, आणि आमच्या यंत्राला टाहो फोडायलाही आवाज नाही! ज्या ड्रायव्हरला नकाशा द्यायचा, तोच राहिला नाही. म्हणून आम्ही जुन्या आवृत्तीवरच थांबलो आहोत. नव्यानं काम सुरू करणाऱ्याला आम्ही हॅकिन्टॉश करा असं सांगणार नाही. यूएसबीचं छोटं ऑडिओ इंटरफेस घ्या, त्याला लेआउट लागत नाही. किंवा जुन्या पीसीवर लिनक्स घाला. त्याचा ड्रायव्हर बोर्डावरची नोंद वाचतो, त्यामुळे निळा जॅक बहुतेक वेळा पहिल्याच दिवशी चालतो.

मंडळी, यंत्रं बदलतील, सिस्टीम बदलतील. आमचं हॅकिन्टॉश उद्या बंद पडेल. पण कुणीतरी ‘हा नोड, हा जॅक, हा रंग’ असं लिहून ठेवलं म्हणून मुका बोर्ड बोलला. आपल्या कॅसेटींचंही तसंच आहे. तेव्हा एक विनंती. कॅसेट आमच्याकडे आणायच्या आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसासमोर ती वाजवा. आवाज कुणाचा, गाव कुठलं, साल साधारण कुठलं, हे विचारा आणि पेनानं वेष्टणावर लिहा. आवाज फितीवरून उतरवायचं काम आमचं. पण ते नाव फक्त तुमच्याच घरात मिळेल, आणि तेही आत्ताच.