मोहल्ला जमतो तेव्हा

नागपूरचा इतिहास सांगावयाचा म्हणजे बहुधा राजांपासून आरंभ होतो. आज आम्ही तो वस्त्यांपासून करणार आहोत. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने १७०२ साली हे शहर वसविले, ते ओसाड माळावर नव्हे. ‘राजापूर बारसा’ या नावाने ओळखली जाणारी बारा लहान खेडी येथे होती; ती जोडून त्याने त्यांचे नगर केले. पुढे त्याचा मुलगा चांद सुलतान याने तट बांधला, भोसल्यांनी येथे राजधानी थाटली, आणि इतवारी, बुधवारी, शनिवारी अशी बाजाराच्या वारांची नावे मिरविणाऱ्या वस्त्या वाढल्या. पण त्या बारा खेड्यांची मोट अजून पुरती विरघळलेली नाही. जुन्या नागपूरकराला ‘राहता कोठे?’ असे विचारा. तो शहर सांगत नाही, मोहल्ला सांगतो.

या मोहल्ल्यांनी आपले रक्षण कसे केले, हा आमचा आजचा विषय आहे. मागच्या काळाकडे पाहिले तर रक्षण हे कोणा खात्याचे काम नव्हते, गावाच्या नात्याचे होते. चोरी झाली की जागल्या पावलांचा माग काढी. माग शेजारच्या गावाच्या शिवेत शिरला की जबाबदारी त्या गावावर जाई. शिवेच्या आतच हरवला तर भरपाईची पाळी जागल्यावर किंवा गावावरच येई. हे चित्र फार गोडीने रंगविण्याचे कारण नाही. जागलीचे काम ज्यांच्या माथी जन्माने येई, त्यांना गावाच्या बैठकीत मानाची जागा नसे. तरीही घरफोडी एकाच्या घरी झाली तरी हिशेब साऱ्या गावाला द्यावा लागे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६१ त पोलीस कायदा आला, आणि रक्षण ठाण्यात जाऊन बसले. भय मात्र मोहल्ल्यातच राहिले.

त्या भयाचे मोहल्ल्याने काय केले, हे पाहावयाचे असेल तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत उभे राहावे. मारबत ही चाल विदर्भाच्या खेड्यांत आहेच. भल्या पहाटे पोरे गावभर आरोळ्या देत फिरतात आणि खोकला, ताप, ढेकूण, रोगराई अशी सारी पीडा शिवेबाहेर नेऊन टाकतात. १८८० ते १८८५ च्या सुमारास नागपुरात या चालीला मिरवणुकीचे रूप आले. काळी मारबत आणि पिवळी मारबत अशा दोन भव्य बाया बांबू, कागद, कापड यांनी सजतात. पिवळी निघते ती जागनाथ बुधवारीतून, तऱ्हाणे तेली समाजाच्या पुढाकाराने. काळी ही दुष्टाव्याची, पिवळी ही रोगापासून राखणारी, अशी समजूत आहे. आयाबाया लेकरांना पिवळीच्या पायावर घालतात. दोघींची गाठ भर बाजारात पडते आणि शेवटी वस्तीबाहेर नेऊन त्यांना अग्नी दिला जातो.

काळ्या मारबतीला बाकाबाई भोसले यांचे नाव लोकांनी चिकटविले आहे. त्या इंग्रजांना मिळाल्या म्हणून हा निषेध, असे सांगतात. आमच्या मते लोकस्मृतीने या राणीवर थोडा अन्यायच केला आहे. १८५७ त त्यांनी आपल्या माणसांना उठावापासून दूर ठेवले हे खरे. पण राज्य खालसा करण्याविरुद्ध वकिलांमार्फत झगडल्या त्याही बाकाबाईच. असो.

आम्हांस महत्त्वाची वाटते ती मिरवणुकीच्या आधीची खटपट. वर्गणीसाठी घरोघर जावे लागते, सांगाडा बांधावयास हात लागतात, जागा लागते, आणि हे सारे आठवडेच्या आठवडे चालते. मारबतीबरोबर निघणारे बडगे तर गल्लीतल्या तरुणांनीच बनविलेले असतात. त्यांत महागाई येते, लाचखाऊपणा येतो, त्या त्या वर्षी ज्याचा लोकांना राग आला असेल ते येते. पटकीच्या जंतूला अशा मिरवणुकीने काही होत नाही, हे सांगावयास वैद्याची गरज नाही. पण पटकीच्या दिवसांत माणूस दार लावून घेतो, शेजाऱ्याकडे संशयाने पाहतो. ते दार वर्षातून एकदा ठरवून उघडले जाते, आणि पीडा कोणा एका घराची न मानता साऱ्या वस्तीची म्हणून ओढून नेली जाते. २०२० साली कोरोनामुळे मिरवणूक थांबली. साथ घालविणाऱ्या मारबतीला साथीनेच अडविले, हा काळाचा विनोद नागपूरकरांनी सोसला.

पीडा रोगाची असते तोवर हे सोपे आहे. ती माणसाच्या रूपाने गल्लीत राहू लागली म्हणजे काय होते, हे याच शहराच्या उत्तरेकडील कस्तुरबानगराने पाहिले. बहुतांशी दलित कष्टकऱ्यांची ही वस्ती. अक्कू यादव नावाच्या गुंडाने दहा वर्षांहून अधिक काळ तिला वेठीस धरले होते. खंडणी, लूट, खून, स्त्रियांवरील अत्याचार असे आरोप त्याच्यावर होते. तक्रार केली की तिची बातमी त्याच्याच कानी जाते, असे तेथील स्त्रिया सांगत. त्याची रीत नीट पाहिली पाहिजे. तो वस्तीवर कधी चालून जात नसे; तो घरावर जाई. आज हे घर, उद्या ते. ज्या घरावर पाळी नसेल ते घर दार लावून स्वस्थ बसे, आणि उद्या तेच घर एकटे पडे.

ही रीत २००४ च्या पावसाळ्यात मोडली. वस्तीतल्या एका शिकलेल्या तरुणीने त्याच्याविरुद्ध तोंड उघडले. त्याची माणसे घराभोवती जमली तेव्हा तिने आत गॅसचे सिलिंडर सोडले आणि काडी ओढण्याची धमकी दिली. मग शेजारी घराबाहेर पडले. दगड सुरू झाले आणि टोळी पळाली. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जमावाने अक्कूचे घर जमीनदोस्त केले. तो पोलिसांच्या कोठडीत गेला. आठवडाभराने, १३ ऑगस्टला, तो जामिनावर सुटणार अशी आवई उठली. शेकडो स्त्रिया जिल्हा न्यायालयात शिरल्या, तिखटाची पूड आणि चाकू घेऊन. न्यायालयाच्या खोलीतच त्याचा अंत झाला.

जगाने ही दुसरी तारीख लक्षात ठेवली. तीवर लेख आले, चित्रपट आले. आम्हांला ती मानवत नाही. अन्याय कितीही मोठा असला तरी न्यायालयात चालविलेली सुरी ही न्यायाची जागा घेऊ शकत नाही, आणि त्या स्त्रियांवर ती पाळी आणणाऱ्या यंत्रणेला तर त्याहून कडक शब्द लावले पाहिजेत. पण वस्ती सुटली ती १३ ऑगस्टला नव्हे. ती सुटली त्या आधी, शेजारी दार उघडून बाहेर आले त्या दिवशी. पुढे पाच स्त्रियांना अटक झाली तेव्हा वस्तीतल्या बाया पुढे आल्या आणि आम्हां सर्वांनाच धरा म्हणाल्या. खटला दहा वर्षे चालला. २०१४ साली पुराव्याअभावी आरोपी निर्दोष सुटले.

या बायांचे हे धैर्य अचानक उगवले असे मानणे बरोबर नाही. याच नागपुरात जुलै १९४२ मध्ये सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित स्त्रियांची परिषद भरली होती, आणि बाबासाहेब आंबेडकर तेथे बोलले होते. त्या स्त्रियांच्या नाती-पणती उत्तर नागपूरच्या वस्त्यांतून वाढल्या. सभेला जाण्याची, मांडवात बसण्याची, हात वर करण्याची सवय तेथे होती. नव्हती ती दर आठवड्याला भेटून गाऱ्हाणे नोंदविण्याची आणि त्याचा ठाण्यात पाठपुरावा करण्याची सोय.

ती सोय महाराष्ट्रात एके ठिकाणी खरोखर झाली. १९७० आणि १९८४ साली दंगलीने होरपळलेल्या भिवंडीत सुरेश खोपडे हे पोलीस अधिकारी गेले, आणि १९८८ पासून तेथे मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या. आरंभ पोलिसांचा, बसणे-बोलणे मोहल्ल्याचे. हिंदू-मुसलमान शेजारी एका सतरंजीवर बसत. नळाचे भांडण, भोंग्याचे भांडण, पोराने मारलेला दगड, असल्या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टी तेथेच निकालात निघत. बीटचा हवालदार समोरच असे, त्यामुळे त्यालाही घरे नावानिशी ठाऊक झाली. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्यानंतर मुंबईतही ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे प्रभृतींनी मोहल्ला समित्यांची चळवळ बांधली.

नागपुरास हे परके नाही. १७ मार्च २०२५ च्या संध्याकाळी महालात आणि रात्री हंसापुरीत दंगल उसळली. वाहने जळाली, एकाचा जीव गेला, शहराच्या काही भागांत अनेक दिवस संचारबंदी राहिली. ज्या जुन्या शहरात मारबतीसाठी दरसाल घरोघर वर्गणी फिरते, तेथेच हे घडले. वर्गणीची वही आहे, घरांची यादी आहे, सांगाडा खांद्यावर घेणारी पोरे आहेत. पण ही वही कोणत्या गल्लीच्या तोंडाशी थांबते आणि पलीकडच्या गल्लीत कोण जात नाही, हे एकदा त्या वह्या उघडूनच पाहावे लागेल.