ओठाचं ऑपरेशन मोफत, मग दातांच्या तारांचं काय?

बाळाचा ओठ किंवा टाळू जन्मतः दुभंगलेली असेल, तर घरच्यांना पहिली काळजी ऑपरेशनची असते. त्यासाठी सरकारी मदत मिळते. पण उपचार तिथे संपत नाहीत. पुढे अनेक वर्षं दातांचे उपचार चालतात आणि खर्चाचा प्रश्न तिथेच येतो.

दातांचा काय संबंध?
ही फट अनेकदा हिरडीच्या हाडापर्यंत जाते. तिथला दात येत नाही, वाकडा येतो किंवा जास्तीचा येतो. वरचा जबडा पुरेसा वाढला नाही, तर वरचे-खालचे दात जुळत नाहीत. चावायला त्रास होतो, उच्चारही बिघडतात.

उपचार किती वर्षं चालतात?
- ३ ते ६ महिने : ओठाचं ऑपरेशन
- ९ ते १८ महिने : टाळूचं ऑपरेशन
- साधारण ८ ते ११ वर्षं : हिरडीच्या फटीत हाड भरणं
- त्यानंतर : दातांना तारा
- वाढ थांबल्यावर : गरज असल्यास जबड्याचं ऑपरेशन

सरकार काय देतं?
राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम (आरबीएसके) ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरमधून सुरू झाला. त्यात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडी आणि शाळेत तपासणी होते. दुभंगलेले ओठ-टाळू त्याच्या यादीत आहेत. शिवाय आयुष्मान भारतमध्ये पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण मिळतं.

मग अडतं कुठे?
आयुष्मान भारत मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांचे पैसे देते. तारांसाठी मात्र दोन-तीन वर्षं ओपीडीत फेऱ्या माराव्या लागतात. जबड्याचं ऑपरेशन बहुतेकदा अठराव्या वर्षाच्या आसपास किंवा नंतर होतं, आणि आरबीएसकेची वयोमर्यादा तिथेच संपते.

ऑस्ट्रेलियाचं उदाहरण बघा. तिथल्या मेडिकेअरमध्ये सर्वसाधारण दंतोपचार येत नाहीत. पण दुभंगलेले ओठ-टाळू असलेल्या पात्र रुग्णांना तारा आणि कृत्रिम दातांसाठीही मदत मिळते. कारण हे उपचार दिसण्यापुरते नाहीत, मूळ आजाराच्याच उपचारांचा भाग आहेत.

तुम्ही काय करू शकता?
- आशाताई किंवा अंगणवाडी सेविकेमार्फत आरबीएसके पथकाला गाठा.
- पहिल्या ऑपरेशनच्या वेळीच दातांच्या उपचारांचं वेळापत्रक विचारा.
- तारांसाठी मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत किंवा मुंबईच्या नायर दंत रुग्णालयात चौकशी करा.
- सगळे कागद, एक्स-रे जपून ठेवा. दहा वर्षांनीही लागतील.