तळपायाखालचा इतिहास: असईच्या रणवाटेपासून भरतीच्या मैदानापर्यंत

१/ असईच्या लढाईचा विषय निघाला की शिंद्यांचा तोफखाना, वेलस्लीने हेरलेला नदीचा उतार आणि दोन्ही बाजूंची हानी यांची चर्चा होते. त्या दिवशी सैनिकांच्या पायांत काय होते, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. जालना जिल्ह्यातील या रणभूमीपासून आजच्या पोलीस भरतीच्या मैदानापर्यंत पादत्राणाच्या तळाने केलेला प्रवास या लेखमालेत पाहू.

२/ दिनांक २३ सप्टेंबर १८०३. पहाटे निघालेली आर्थर वेलस्लीची फौज सुमारे १४ मैल चालून नळणीजवळ पोचली. शिंदे आणि नागपूरकर भोसले यांचे सैन्य अगदी जवळ असल्याचे तेथे कळले. मुक्काम न करता फौज पुन्हा निघाली आणि केळणा ओलांडून केळणा व जुई यांच्यामधल्या पट्ट्यात उभी राहिली. सुमारे २० मैलांच्या चालीनंतर लढाईला तोंड लागले. संध्याकाळपर्यंत कंपनीच्या बाजूचे ४२८ ठार आणि १,१३८ जखमी झाले होते.

३/ या पायदळात गोऱ्या पलटणी दोन होत्या, तर मद्रासच्या देशी पलटणी पाच. गोऱ्या शिपायाच्या बुटाला त्या काळी डावा-उजवा असा भेद नसे. दोन्ही बूट एकाच साच्याचे असत आणि तळ सारखा झिजावा म्हणून त्यांची अदलाबदल केली जाई. मद्रासी शिपाई साध्या वहाणा घालून किंवा अनवाणी चालत. पाय कोणाचाही असो, त्याच्या मापाचा तळ कोणालाच मिळालेला नव्हता.

४/ असईची लढाई ही आपली सर्वोत्तम कामगिरी, असे वेलस्ली उतारवयातही मानीत असे. सैन्याच्या चालीचे गणित तो दख्खनमध्ये शिकला आणि पुढे स्पेन-पोर्तुगालच्या युद्धात त्याने ते वापरले. १८१३ च्या मोहिमेत त्याच्या शिपायांच्या पाठपिशवीत जादा बूट असत आणि त्यांसोबत तळ व टाचा यांचे सुटे तुकडेही असत. तळ ही झिजून संपणारी वस्तू आहे आणि ती बूट फाटण्याआधी बदलावी लागते, हे व्यवहारज्ञान त्यामागे होते.

५/ इकडे गावगाड्यात हेच ज्ञान फार आधीपासून रुजलेले होते. चांभार हा बारा बलुतेदारांपैकी एक. शेतकऱ्याची मोट शिवणे, वहाणांना नवा तळ लावणे, तुटलेला अंगठा जोडणे ही त्याची कामे. मोबदला म्हणून सुगीच्या वेळी धान्य मिळे. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेल्या चामड्याचे थर एकमेकांवर शिवून तळ तयार होई. कोल्हापुरी चपलेत ही रीत आजही दिसते. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्हे येतात.

६/ या व्यवस्थेची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. साऱ्या गावाच्या पायांची काळजी वाहणाऱ्या कारागिराच्या वाट्याला जातीची अवहेलना आली. त्याच्या हातचा जोडा पायात चाले, पण त्याच्या हातचे पाणी चालत नसे. तळ बदलण्याचे शास्त्र ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपले, त्यांच्यापैकी फार थोड्यांची नावे कागदावर उरली आहेत.

७/ आता खेळाकडे वळू. १९१९ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धा दोराबजी टाटांनी पाहिल्या. धावणाऱ्यांत खेड्यांतले शेतकरी तरुण होते. पायांत काही नाही, धावपट्टीच्या नियमांची फारशी ओळख नाही. तरीही त्यांनी दिलेल्या वेळा पाहून टाटा चकित झाले. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय खेळाडू पाठवण्याची कल्पना तेथूनच पुढे सरकली.

८/ त्या चमूत बेळगावकडचे फडेप्पा चौगुले होते. अँटवर्पची मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची होती, म्हणजे आजच्या ठरलेल्या अंतरापेक्षाही लांब. चौगुल्यांनी ती सुमारे २ तास ५१ मिनिटांत पूर्ण करून १९ वा क्रमांक मिळवला. मऊ फेसाचे तळ त्या काळी कोणाच्याच बुटात नव्हते.

९/ मग अनवाणी धावणेच श्रेष्ठ म्हणायचे का? इथिओपियाचा अबेबे बिकिला याचे उत्तर देतो. १९६० मध्ये रोमला हाती आलेले बूट पायाला नीट बसेनात, म्हणून तो अनवाणी धावला आणि जिंकला. १९६४ मध्ये टोकियोला तो बूट घालून धावला आणि पुन्हा जिंकला. वेळ तर तीन मिनिटांनी सुधारली. न बसणाऱ्या बुटापेक्षा मोकळा पाय बरा आणि नीट बसणारा बूट असेल तर तोही चांगला, एवढाच याचा अर्थ.

१०/ १९७० च्या दशकात धावण्याच्या बुटांत हलका कृत्रिम फेस आला आणि तळाचे थर वेगळे झाले. बाहेरचा रबरी थर रस्ता पकडतो, मधला फेस धक्का झेलतो आणि आतली पातळ गादी, म्हणजे इनसोल, तळपायाला टेकते. यांतला घरच्या घरी बदलता येणारा थर हा इनसोलच. असईच्या काळी सुट्या तळासाठी चर्मकार लागे. आता तळाचा एक भाग धावणारा स्वतः बदलू शकतो.

११/ जालन्यात हा विषय केवळ हौसेचा नाही. राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक ३ येथेच आहे. पोलीस भरतीत पुरुषांना १,६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर धावावे लागते. राखीव बलासाठी हेच अंतर ५ किलोमीटर होते. काही सेकंदांवर गुण आणि गुणांवर नोकरी ठरते. एकाच स्वस्त जोडीवर महिनोन्‌महिने सराव करणाऱ्या तरुणाला नवा बूट परवडत नसला, तरी नवे इनसोल पुष्कळदा परवडते.

१२/ निवड करताना आधी काम पाहावे. धावणारा पुढे झेपावतो. त्याला हलके, न सरकणारे आणि टाच धरून ठेवणारे इनसोल हवे. पंच आणि वेळाधिकारी यांचे काम वेगळे. क्रिकेटचा पंच दिवसभर उभा असतो, फुटबॉलचा पंच एका सामन्यात दहा-बारा किलोमीटर पळतो आणि त्यात आडवे-उलटेही धावतो. उभ्याच्या कामाला टाचेखाली व कमानीखाली भक्कम आधार लागतो. वळणाच्या कामाला बाजूने घट्ट बसणारा तळ लागतो. फार मऊ गादीवर पाय डगमगतो.

१३/ जुने इनसोल काढूनच नवे घालावे. एकावर एक घातल्यास टाच वर उचलली जाते आणि बूट निसटतो. जुन्याचा आकार नव्यावर आखून पुढच्या बाजूने थोडे थोडे कापावे. दोन्ही पायांची एकदमच बदलावीत. आधी चालून, मग थोडे धावून पाहावे. परीक्षेच्या दिवशी नवे काही घालू नये. टाचेखाली किंवा चवड्याखाली खळगा कायमचा पडला की गादी संपली असे समजावे. पावसात भिजलेली गादी काढून सावलीत वाळवावी. दुखणे टिकून राहिले तर डॉक्टरांना पाय दाखवावा. इनसोल म्हणजे औषध नव्हे.

१४/ वेलस्लीच्या शिपायाला जादा तळ मिळे, पण बुटांची किंमत त्याच्या पगारातून कापली जाई. बलुत्यात शेतकरी ती धान्याने चुकवी. आज भरतीसाठी धावणाऱ्या मुलामुलींच्या बाबतीत ती घरच्या कापसाच्या नाहीतर सोयाबीनच्या पैशांतून जाते. दोन शतकांत चामड्याच्या जागी फेस आला, तरी तळाची किंमत आजही धावणाऱ्याच्याच पदरी पडते. म्हणून ती एकदाच आणि विचारपूर्वक मोजलेली बरी.